मटेरियल तेच, छिद्रं वेगळी: इम्प्लांट शरीरात कसं रुळतं?

दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावून शुगरचे आकडे थेट फोनवर बघणारी माणसं आता बरीच दिसतात. त्या सेन्सरची बारीक तार कातडीखाली असते. ती परकी आहे हे शरीराला कळतं का? कळतं, आणि लगेच कळतं. मग शरीर तिला सामावून घेणार की तिच्याभोवती भिंत बांधणार? याचं उत्तर फक्त मटेरियलवर ठरत नाही. वस्तूची रचनाही तेवढीच महत्त्वाची असते. मला या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आधी शरीर काय करतं?

इम्प्लांट आत गेलं की त्याच्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. मग रोगप्रतिकारक पेशी येतात. त्यातल्या मुख्य म्हणजे मॅक्रोफेज. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं रोजचं काम. पण इम्प्लांट गिळण्याएवढं लहान नसतं. मग अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून मोठ्या पेशी बनवतात आणि काही आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजनची घट्ट भिंत तयार होते. सेन्सर जास्त काळ आत राहणारा असेल तर या भिंतीमुळे ग्लुकोज त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि आकडे चुकायला लागतात.

पण हेच मॅक्रोफेज जखम भरायलाही मदत करतात. सोपं करून सांगायचं तर त्यांचे दोन मोड आहेत, एक लढाईचा आणि एक डागडुजीचा. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच अवस्था असतात. सुरुवातीला लढाई लागतेच. ती वेळेवर थांबली नाही तर मात्र जखम चिघळत राहते किंवा कडक व्रण उरतो.

स्कॅफोल्ड म्हणजे परांचीच

इमारतीला बांधतात तशी परांची शरीराच्या आत उभी केली तर? स्कॅफोल्ड म्हणजे तेच. स्पंजासारखा सच्छिद्र आधार, ज्यात पेशी शिरतात, राहतात आणि नवीन ऊती बांधतात.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटाने असे स्कॅफोल्ड एका मस्त युक्तीने बनवले. डब्यात साबुदाणा गच्च भरलाय, दाणे एकमेकांना थोडे चिकटलेत आणि मधल्या फटींत जेली ओतली, अशी कल्पना करा. जेली घट्ट झाल्यावर दाणे विरघळवून टाकले तर काय उरेल? एकसारख्या गोल छिद्रांचा स्पंज, आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली. त्यांनी साबुदाण्याच्या जागी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी वापरले आणि जेली होती सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या मटेरियलची. मण्यांचा आकार बदलला की छिद्रांचा आकार बदलतो, मटेरियल मात्र तेच राहतं.

2010 मध्ये त्यांनी उंदरांच्या हृदयावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. 30 ते 40 मायक्रॉनच्या छिद्रांमध्ये नव्या रक्तवाहिन्या जास्त आल्या, व्रणाची भिंत कमी झाली आणि मॅक्रोफेजचा कल डागडुजीकडे दिसला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मॅक्रोफेज साधारण 20 मायक्रॉनचा असतो, म्हणजे या छिद्रात तो जेमतेम मावतो.

आकाराने मोड बदलतो?

2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या वेंडी लिऊ यांच्या प्रयोगशाळेने उंदरांचे मॅक्रोफेज अरुंद पट्ट्यांवर वाढवले. पट्टी अरुंद असल्याने पेशी लांबट झाल्या. बाहेरून कोणतंही रासायनिक सिग्नल दिलं नव्हतं, तरी त्या डागडुजीच्या मोडकडे झुकल्या. थोडक्यात, पेशीला कुठे आणि किती पसरायला जागा मिळते, हाही तिच्यासाठी एक संदेशच असतो.

ऑपरेशन थिएटरमधलं उदाहरण

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये अनेकदा पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवतात. टिफिनचे बरेच डबे याच प्लास्टिकचे असतात. जाळीच्या प्रत्येक धाग्याभोवती शरीर व्रणाचं वेष्टण तयार करतं. धागे फार जवळ असतील तर शेजारशेजारची वेष्टणं एकमेकांना भिडतात आणि अख्खी जाळी ताठ पत्र्यासारखी होते, आकसते. पेशंटला पोटात काहीतरी ओढल्यासारखं वाटू शकतं. छिद्रं एक मिलिमीटरपेक्षा मोठी ठेवली तर मधल्या जागेत मऊ ऊती वाढायला वाव मिळतो. म्हणून मोठ्या छिद्रांच्या, हलक्या जाळ्या आल्या.

आता तुम्ही विचाराल, स्पंजात 35 मायक्रॉन आणि जाळीत एक मिलिमीटर, मग बरोबर काय? दोन्ही. स्पंजात पेशी छिद्राच्या आत राहते, तर जाळीत दोन धाग्यांमधून ऊतीचा आख्खा पट्टा जायचा असतो. हाडाच्या स्कॅफोल्डसाठी तर साधारण 300 मायक्रॉनच्या वरची छिद्रं सुचवली जातात, कारण आत रक्तवाहिन्या शिरल्याशिवाय हाड नीट तयार होत नाही. काम बदललं की माप बदलतं.

उंदरात जमलेलं माणसात तसंच जमेल असं नाही. पण घरात कुणाला जाळी बसवायचा सल्ला मिळाला, तर फक्त 'कोणत्या कंपनीची?' एवढंच विचारून थांबू नका. 'छिद्रं किती मोठी आहेत, आणि यांच्यासाठी हीच का?' हेही डॉक्टरांना विचारा. ती जाळी बहुतेक वेळा आयुष्यभर आत राहणार असते.