बोट विहिरीवर, कान घरी

अमळनेर तालुक्यात संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "लाईट उनी (आली) का?" ही लाईट म्हणजे घरातला बल्ब नव्हे, शेतीच्या फीडरवरची थ्री फेज. महावितरण ती आळीपाळीने देतं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, वाटेत साप, रानडुक्कर, अलीकडे बिबट्याही. आता स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी बसवतात, तिच्यात सिमकार्ड असतं आणि शेतकरी खाटेवर पडल्या पडल्या मोटार सुरू करतो.

या कल्पनेचा मोठा पाया आपल्याकडेच घातला गेला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आज अ‍ॅपवर चालणाऱ्या पेट्याही आल्या आहेत, पण मला भुरळ पडते ती जुन्या पद्धतीची. पेटीला फोन लावायचा आणि १ दाबायचा. तो 'टुँ' आवाज एक नसतो. ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकाच वेळी वाजतात. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९६३ मध्ये ही पद्धत बाजारात आणली, तेव्हा सूर असे निवडले की त्यांतला कुठलाही सूर दुसऱ्याच्या पटीत येऊ नये. त्यामुळे माणसाचं बोलणं, बैलाच्या घुंगरांचा आवाज किंवा ट्रॅक्टरची घरघर यांतून हीच जोडी चुकून जुळणं फार अवघड. साठ वर्षांपूर्वी टेलिफोनच्या नंबरांसाठी जुळवलेले सूर आज बोरी नदीकाठी कपाशीला पाणी देतात.

पण पेटी करते काय? फक्त हिरवं बटण दाबते. तिच्यातला रिले हिरव्या बटणाच्या दोन वायरी क्षणभर जोडतो. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉईल लोखंडी पट्टी ओढून घेते, 'खट्' आवाज येतो आणि तीन फेज मोटारीला मिळतात. बोट उचललं तरी मोटार चालू राहते, कारण कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्या बाजूचा एक लहान संपर्क बटणाचं काम स्वतःकडे घेतो. याला होल्डिंग म्हणतात. फोन केल्यावर मोटार 'खट्' करून सुरू होत असेल आणि लगेच बंद पडत असेल, तर सिमला शिव्या देण्याआधी हा होल्डिंगचा संपर्क पाहावा. बऱ्याचदा त्यावर काजळी धरलेली असते.

फोनच उचलला जात नसेल, तर कारणं साधी असतात. रिचार्जची मुदत संपून इनकमिंग बंद झालेलं असतं, किंवा अँटेना लोखंडी पेटीच्या आत राहिलेली असते. चारी बाजूंनी लोखंड असलं की लहरी आत शिरत नाहीत. अँटेना बाहेर काढली की निम्म्या तक्रारी मिटतात.

खरा घोळ पुढे आहे. पेटी सांगते 'मोटार चालू' आणि शेतात थेंब नाही. पेटी खोटं बोलत नाही. तिने बटण दाबलं एवढंच तिला ठाऊक. पूर्वी माणूस विहिरीवर जाऊन बटण दाबायचा तेव्हा त्याचं बोट एकटं नसायचं. मोटार नुसती गुणगुणते आहे की फिरते आहे, हे कानाला कळायचं आणि पाइपातलं पाणी डोळ्यांना दिसायचं. रिमोटने बोट तेवढं शेतात पाठवलं. थंड देशांत लोक पिकअप गाडीला बाहेरून रिमोट स्टार्टर बसवतात, तिथेही हीच कथा. इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं, कारण किल्लीतली चिप गाडीला सापडत नाही. हात नेमकं काय काय करत होता, हे हात काढून घेतल्यावरच कळतं.

म्हणून चांगल्या पेटीला कान लावावे लागतात. मोटारीच्या एका वायरीभोवती बांगडीएवढं कडं असतं, त्याला सीटी म्हणतात. ते वायरीला चिकटत नाही, टोचत नाही. वायरीतल्या करंटमुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कडं ते मोजतं. पाच एचपीची मोटार भर पाण्यात साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. विहीर आटली की पंपाला उचलायला काही उरत नाही, करंट उतरतो, पेटी 'ड्राय रन' म्हणत मोटार बंद करते. विहिरीत पाणी आहे की नाही, हे विहिरीत न डोकावता वायरीबाहेरून समजतं!

आणि इथेच एक मजेशीर बिघाड जन्मतो. पेटी पावसाळ्यात बसवलेली असते. तेव्हा विहीर तुडुंब, पंप जोरात पाणी फेकतो, करंट भरपूर; पेटी तोच आकडा लक्षात ठेवते. चैत्रात पाणी खोल जातं. आता पंपाला उंच उचलावं लागतं, म्हणून करंट वाढेल असं आपल्याला वाटतं. होतं उलट. अशा पंपात उंची वाढली की पाण्याची धार कमी होते आणि करंटही उतरतो. पेटीला वाटतं विहीर आटली. दर पाच-दहा मिनिटांनी मोटार बंद! शेतकरी म्हणतो पेटी बिघडली, दुकानदार म्हणतो मोटार बिघडली, आणि दोघेही चूक. उन्हाळ्यात ड्राय रनची मर्यादा पुन्हा बसवून घ्यायची, एवढंच काम असतं.

एक फेज जाण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. चालत्या मोटारीचा एक फेज तुटला तरी ती थांबत नाही. उरलेल्या दोनांवर जवळपास पावणेदोन पट करंट ओढत तापत राहते. त्यातच ती फिरता फिरता तुटलेल्या तारेवर स्वतःच बऱ्यापैकी व्होल्टेज तयार करते. म्हणजे फक्त व्होल्टेज पाहणाऱ्या साध्या सिंगल फेज प्रिव्हेंटरला वाटतं तिन्ही फेज जागेवर आहेत. मोटार जळेपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. करंट पाहणारी पेटी मात्र फसत नाही, कारण तुटलेल्या तारेतून करंट जाणार कुठून? तिन्ही वायरींवर सीटी असलेली पेटी महाग पडते, पण वाइंडिंग पुन्हा भरण्याचा खर्च पाहता मी तीच घ्यायला सांगेन.

राहिला ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, हे सुख सगळ्यांना हवं. पण सुरू होताना मोटार सहापट करंट ओढते. ६३ केव्हीएच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, पूर्ण क्षमता ८७-८८ अँपिअर. तिच्यावरच्या दहा पाच-एचपी मोटारी चालू असताना निभावतात. एकाच क्षणी सुरू झाल्या तर मागणी साडेचारशे अँपिअरच्या घरात जाते. मग किटकॅट फ्यूज उडतात, व्होल्टेज खाली बसतं, कॉन्टॅक्टर खडखडतात आणि पुन्हा सगळं खापर पेटीवर फुटतं. उपाय पेटीतच असतो. लाईट आल्यावर किती सेकंदांनी सुरू व्हायचं ते ठरवता येतं. एकाने २० ठेवायचे, शेजाऱ्याने ४०, पलीकडच्याने ६०. ही सोय असूनही कित्येक पेट्यांत तो आकडा शून्यावर असतो, कारण पाण्याच्या पाळीतलं एक मिनिट सोडायलाही कोणी तयार नसतं.