लिहिणारा एक, तपासणारा दुसरा

फायरफॉक्सचं मराठीकरण मोझिलाच्या ‘पॉन्टून’ नावाच्या संकेतस्थळावर चालतं. डावीकडे वाक्यांची यादी, मध्ये मूळ इंग्रजी, त्याखाली मराठी लिहायची चौकट. नव्या माणसाने लिहिलेलं वाक्य सूचना म्हणून थांबून राहतं. अनुवादकाचा अधिकार असलेल्या कुणीतरी मंजूर केलं, तरच ते पुढे सरकतं. हा अधिकार कुणाला द्यायचा ते व्यवस्थापक ठरवतो.

ही झाली कागदावरची व्यवस्था. प्रत्यक्षात रात्रीची जेवणं आटोपून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसणारी माणसं मोजकीच असतात. लिहायचं त्यांनीच, तपासायचं त्यांनीच, नवख्यांना शिकवायचंही त्यांनीच. अशा वेळी ‘एका माणसाला एकच काम’ असा नियम केला, तर काम बंदच पडेल.

खरी अडचण वेगळीच आहे. अधिकृत अनुवादकाने लिहिलेलं वाक्य तिथल्या तिथे मंजूर होतं. महिरपी कंसातला चल, म्हणजे नंतर भरल्या जाणाऱ्या शब्दाची जागा, गळला, तर यंत्र इशारा देतं. पण एका पडद्यावर ‘टॅब उघडला’ आणि दुसऱ्यावर ‘टॅब उघडली’ असं झालं, तर यंत्राला त्याचं काही वाटत नाही. लिहिणाऱ्यालाही ते दिसत नाही, कारण आपलं वाक्य आपण वाचत नसतो, आठवत असतो. दुसऱ्याला तीच चूक पहिल्या नजरेत खटकते.

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाच्या घटनेत हे नेमकं ओळखलं आहे. एका व्यक्तीने अनेक पदं सांभाळायला तिथे मुभा आहे. मात्र प्रकल्पप्रमुख, सचिव आणि तांत्रिक समितीचा अध्यक्ष ही तीन माणसं वेगळीच हवीत, आणि प्रमुखाला स्वतःचा प्रतिनिधी म्हणून स्वतःलाच नेमता येत नाही. पदं किती, याची मर्यादा नाही. कुठली पदं एकत्र नकोत, एवढंच सांगितलं आहे. मला हेच शहाणपणाचं वाटतं.

ही काळजी फाजील वाटत असेल, तर फायली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या मुक्त साधनाचं २०२४ मधलं प्रकरण आठवावं. वर्षानुवर्षं विनामोबदला राबून थकलेल्या देखभालकर्त्याच्या मदतीला ‘जिया टॅन’ या नावाने कुणी आलं, विश्वास कमावला आणि कोड लिहिण्याबरोबर नवी आवृत्ती बांधून प्रसिद्ध करण्याचं कामही मिळवलं. चोरदरवाजा उघडणारा एक दुवा फक्त त्या बांधलेल्या गठ्ठ्यात होता, सगळ्यांसमोरच्या कोडमध्ये नव्हता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून तो चोरदरवाजा सापडला.

पॉन्टूनमध्ये अधिकार असूनही आपलं वाक्य सूचना म्हणूनच पाठवण्याची सोय आहे. अनुवादकांनी ती सुरू ठेवावी. आणि ज्यांना मराठी नीट वाचता येतं, पण प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, त्यांनी तपासायला यावं. खातं उघडलं की कुठल्याही वाक्याखाली शेरा लिहिता येतो.