ठिणगीचा प्लग आणि धगीचा प्लग



तापी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे हजीरा वसलेले आहे. खताचे व पोलादाचे कारखाने आणि २००५ साली सुरू झालेले द्रवरूप नैसर्गिक वायूचे बंदर यांमुळे हे नाव आज सर्वांच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्राशी त्याचे आणखी एक नाते आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग हजीऱ्याहून निघतो, सुरत मागे टाकून नवापूरपाशी महाराष्ट्रात शिरतो आणि कोंडाईबारीचा घाट चढून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर अशी वाट धरतो.

या एका रस्त्यावर पेट्रोलच्या, डिझेलच्या आणि वायूवर चालणाऱ्या गाड्या शेजारी शेजारी धावतात. त्यांच्या इंजिनात बसवलेल्या लहानशा वस्तूला आपण सरसकट ‘प्लग’ म्हणतो. परंतु पेट्रोलगाडीतील स्पार्क प्लग आणि डिझेलगाडीतील ग्लो प्लग यांचे काम अगदी निराळे आहे. ग्लो प्लगला आपले मिस्त्री ‘हीटर प्लग’ म्हणतात आणि ते नाव त्याला शोभते.

हा भेद इंधनाच्या स्वभावातून आलेला आहे. पेट्रोलची वाफ ठिणगी पडताच भडकते. डिझेलवर जळती काडी टाकली तरी ते सहजासहजी पेट घेत नाही. मात्र ठिणगीशिवाय, केवळ उष्णतेने पेटण्यात ते पेट्रोलच्या पुढे आहे. साधारण २१० ते २५० अंश सेल्सियस उष्णता त्याला पुरते.

म्हणून पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सुमारे नऊ ते बारा पट दाबतात आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पाडतात. बॅटरीचा बारा व्होल्टचा दाब कॉइल कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढवते, आणि प्लगच्या टोकाशी ठेवलेल्या सुमारे एक मिलिमीटर फटीतून वीज उडी घेते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला पंचवीस ठिणग्या पडाव्या लागतात. त्या थांबल्या की इंजिनही थांबते.

डिझेल इंजिनात दट्ट्या नुसती हवा दाबतो, तीही पंधरा ते वीस पट. सायकलचा पंप हवा भरताना तापतो, हे आपण जाणताच. तोच प्रकार येथे मोठ्या प्रमाणावर घडतो. हवा पाचशे अंशांहूनही अधिक तापते, तीत डिझेलचा फवारा सुटतो आणि तो आपोआप पेटतो. येथे ठिणगीचे प्रयोजनच उरत नाही.

मग ग्लो प्लग कशासाठी? थंड पहाटे सिलिंडरच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. अशा वेळी ग्लो प्लगचे टोक काही सेकंदांत आठशे ते हजार अंशांपर्यंत तापून लाल होते आणि पहिल्या फवाऱ्याला धग देते. इंजिन चालू होऊन थोडे तापले की त्याचे काम संपले. अनेक मोठ्या मालमोटारींना तर तो नसतोच; त्यांचे रुंद सिलिंडर उष्णता अधिक टिकवून धरतात.

हे ध्यानी घेतले तर पुष्कळ खर्च आणि मनस्ताप वाचतो. समुद्रकाठच्या उबदार हजीऱ्यात डिझेलच्या जीपचे ग्लो प्लग जळालेले असले, तरी मालकाला त्याचा पत्ता लागत नाही. तीच जीप पौषातल्या पहाटे धुळ्यात पारा दहा अंशांखाली उतरला असता हटून बसते, आणि दोष बॅटरीवर जातो. स्टार्टर जोमाने फिरतो आहे, पण इंजिन पेटत नाही, किंवा पेटल्यावर मिनिटभर थरथरते व पांढरा धूर सोडते, तर आधी ग्लो प्लग तपासून घ्यावेत. उलट भर रस्त्यात इंजिन धक्के देऊ लागले, तर ग्लो प्लग बदलून उपयोग नाही. तेथे फिल्टर, इंजेक्टर किंवा डिझेलमध्ये शिरलेली हवा पाहावी. पेट्रोलगाडीने धक्के दिले, तर मात्र पहिला संशय स्पार्क प्लगवर घ्यावा.

एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. गाडी चालू होत नाही म्हणून काही जण हवेच्या वाटेने ईथरचा फवारा मारतात. ग्लो प्लग तापलेला असताना ईथर वेळेआधीच भडकते. त्याने दट्ट्या फुटू शकतो आणि जवळ उभ्या माणसालाही इजा होऊ शकते. टाकीखाली शेकोटी पेटवणे तर याहून घातक. त्यापेक्षा डॅशबोर्डावरील वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि मगच स्टार्टर फिरवावा.

उरला नैसर्गिक वायू. तो आपोआप पेटण्यास सुमारे ५४० अंश लागतात. म्हणून वायूवर चालणाऱ्या मोटारीला व रिक्षाला स्पार्क प्लगच लागतो. तेथे ठिणगीला अधिक जोर लागत असल्यामुळे प्लग लवकर झिजतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली फट आणि मुदत अशा मालकांनी कटाक्षाने पाळावी.

सारांश, एक प्लग इंजिनाला प्रत्येक घासाला लागतो आणि दुसरा केवळ पहाटे जागे करण्यापुरता. कोणता आपल्या गाडीत आहे, एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला घाटाच्या पायथ्याशी कोणी सहसा फसवू शकणार नाही.