अंगठी गेली, पण...

गेल्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरने सिगरेट सोडली. पहिला आठवडा आम्ही त्याचं भरपूर कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यात, सबमिशनच्या रात्री, तो खिसे चाचपत बसलेला दिसला. मी बोलून गेलो, "सोडलीस ना? मग आता हे काय नाटक?" तो काही न बोलता गच्चीवर निघून गेला.

त्या सुट्टीत मी टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) वाचलं. सिनेमे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण पुस्तक वाचताना मला लढायांपेक्षा अंगठीचं व्यसनच जास्त दिसत राहिलं. बिल्बोने ती ६० वर्षं खिशात बाळगली. सोडताना तो गँडाल्फवर, म्हणजे जुन्या मित्रावरच, उखडला. गोलम तर तिच्यापायी पार पोखरून गेला. तरी एका रात्री डोंगरातल्या पायऱ्यांवर तो झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावतो. क्षणभर वाटतं, हा सुधारणार. तेवढ्यात सॅम जागा होऊन खेकसतो आणि तो क्षण जातो तो जातोच. सॅम वाईट नव्हता, थकलेला होता. हे वाचताना मला आमची रूम आठवली.

पुढे फ्रोडोसुद्धा ज्वालामुखीच्या तोंडाशी अंगठी टाकायला नकार देतो. म्हणजे नायकाची इच्छाशक्तीसुद्धा शेवटी कमी पडते. अंगठी नष्ट होते ती गोलमच्या झटापटीत.

मग सगळं ठीक? तिथेच तर खरी गंमत आहे. फ्रोडोला ६ ऑक्टोबरला सुऱ्याचा वार झालेला असतो आणि १३ मार्चला राक्षसी कोळिणीचा डंख. एल्रॉन्डने सुऱ्याचा तुकडा काढलेला असतो, अ‍ॅरागॉर्नने औषधी पाल्याने उपचार केलेले असतात. तरी घरी परतल्यावर त्याच तारखांना तो आजारी पडतो. एकदा तर तो गळ्यातला पांढरा मणी मुठीत धरून, अंगठी कायमची गेली म्हणून शोक करताना सापडतो. ज्या वस्तूने छळलं, तिचाच शोक! आणि सॅमला ते कळत नाही, कारण फ्रोडो दुखणं लपवतो. थोडक्यात, वस्तू सुटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं.

शेवटी अडीच वर्षांनी तो जहाजाने पश्चिमेला निघून जातो. माझा एक मित्र म्हणतो, "पळाला लेकाचा." मला नाही पटत. १९३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात टॉल्किनने हाच फरक सांगितला होता: कैद्याने तुरुंगातून सुटणं आणि सैनिकाने रणातून पळ काढणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. फ्रोडो सगळं काम उरकून, घरदार सॅमच्या हवाली करून गेला. त्याला बरं व्हायला जायचं होतं. टॉल्किन स्वतः १९१६ च्या सॉमच्या लढाईत होता, जवळचे मित्र त्याने त्या महायुद्धात गमावले. घरी परतलेला माणूस पूर्ण परतलेला नसतो, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

सुट्टी संपल्यावर मी पार्टनरला सॉरी म्हटलं. तो हसला, म्हणाला, "रात्री अकराला जास्त त्रास होतो रे."

आता अकराला आम्ही दोघं मेसच्या मागे एक चक्कर मारतो. बाकी काही नाही.