बँकॉकची पाणवाट

बोट धक्क्याला लागते, पण विसावत नाही. वेग मंदावताच मागचा मदतनीस धक्क्यावर उडी घेतो, खांबाला दोराचा एक वेढा देतो आणि उरलेला दोर ताणून धरतो. पुढचा मदतनीसही तेच करतो. धक्क्याला टांगलेले जुने टायर दबतात. बोटीला दार नाही की पायऱ्या नाहीत. काठावर पाय ठेवायचा, छताखालचा दोर पकडायचा आणि आत शिरायचे. शाळेची पोरे, हातात भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजी, इस्त्रीचा शर्ट घातलेले बँकेतले कारकून, सगळे असेच चढतात आणि असेच उतरतात. काही सेकंदांत वेढा सुटतो, इंजिन गरजते आणि बोट पुढे निघते.

ही ख्लोंग सेन सेप या कालव्यातली रोजची प्रवासी बोट. ख्लोंग म्हणजे कालवा. बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्याने शहराची ओळख या बोटीतून करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडून थायलंडला जाणारे बहुतेक जण विमानतळ, पट्टाया, मॉल आणि सोनेरी बुद्धमंदिरे एवढे पाहून परततात. ते सारे पाहण्यासारखेच आहे. पण हे शहर रोज कसे चालते, ते तिथे कळत नाही.

पहिला राम या राजाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर राजधानी वसवली. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच आणि दलदलीची. म्हणून लोकांनी कालवे खणले. माणसांची ये-जा, भाताची वाहतूक, बाजार, सगळे पाण्यावरून होई. तिसऱ्या रामाच्या काळात, १८३७ साली, सेन सेपचे खोदकाम सुरू झाले. कंबोडियावरून व्हिएतनामशी लढाई चालली होती. सैन्य आणि रसद पूर्वेला लवकर पोहोचावी म्हणून हा लांबलचक कालवा बांग पाकोंग नदीपर्यंत नेला आणि १८४० पर्यंत तो पुरा झाला. पुढे १८६० च्या दशकात चारोन क्रुंग हा नव्या धर्तीचा रस्ता झाला, गाड्या आल्या आणि एकेक कालवा बुजवून त्यावर रस्ते होत गेले. सेन सेप मात्र टिकला. १९९० साली त्यावर प्रवासी बोटी सुरू झाल्या, कारण तोवर रस्त्यांवरची कोंडी असह्य झाली होती. उड्डाणरेल्वे आली ती १९९९ साली, भुयारी मेट्रो २००४ साली. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे गर्दीच्या वेळी नेमक्या मिनिटांत कामावर पोहोचवणारे वाहन हेच होते.

मी गेले तेव्हा पश्चिमेचे शेवटचे स्थानक फान फा होते. तिथून वाट साकेत या बुद्धमंदिराची टेकडी आणि तिच्यावरचा सोनेरी स्तूप अगदी जवळ दिसतो. मी तिथून चढले आणि मधल्या बाकावर जागा धरली. बोट सुटताच तिकिटवाली कामाला लागली. ती आतून फिरत नाही. आत बाकांची दाटी असते, म्हणून ती बाहेरून, बोटीच्या वीतभर काठावरून चालते. एका हाताने छताचा दोर धरलेला, दुसऱ्या हातात नोटांची घडी आणि तिकिटांचा गठ्ठा. डोक्यावर हेल्मेट, कारण पूल फार खाली आहेत. पूल आला की ती बोलणे न थांबवता गुडघ्यात वाकते आणि पूल सरला की पुन्हा ताठ होते. पावसाळ्यात पाणी चढले की छतही खाली घ्यावे लागते. अशा वेळी आतले सगळेच माना खाली घालून बसतात. उतरायचे ठिकाण सांगायचे, ती भाडे सांगते. अंतराप्रमाणे वीस बाटच्या आतबाहेर. चढताना किती जण आले आणि कोणाचे पैसे राहिले, हे ती लक्षात ठेवते. चेहरे मोजून चालणारा हा हिशेब चुकताना मी पाहिला नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवले ते काठाच्या बाकांवर बसणाऱ्यांनी. बोटीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा लांब पडदा असतो. त्याची दोरी कप्पीवरून खाली येते आणि काठाला बसलेल्याच्या हाताशी लोंबकळते. समोरून दुसरी बोट आली की कालव्याच्या सिमेंटच्या भिंतींवर लाट आपटून पाणी आत उडते, आणि हे पाणी काळे असते. शहराचे सांडपाणी त्यात मिसळते आणि त्याचा वास लपत नाही. म्हणून समोरची बोट दिसताच काठाचा माणूस दोरी खेचतो आणि पडदा वर चढतो. धक्का जवळ आला की तोच दोरी सोडतो, पडदा खाली येतो, चढउतरीला वाट मोकळी होते. माझ्या शेजारची मुलगी एका हाताने फोन पाहत होती, दुसरा हात दोरीवर होता. समोरच्या बोटीचा आवाज ऐकूनच तिने दोरी ओढली, मान वरसुद्धा केली नाही. कोणी सूचना देत नाही, कोणी रागवत नाही. काठाला बसलात की पडदा तुमच्याकडे, हे सगळ्यांना ठाऊक असते. मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभा राहणारा जसा आपसूक स्टेशनाचा माणूस होतो, तसेच.

बोटीतून शहराची मागची बाजू दिसते. बो बेचा घाऊक कपडाबाजार, मग बान क्रुआची वस्ती. पहिल्या रामाच्या बाजूने लढलेल्या चाम मुसलमानांना ही जागा मिळाली. इथल्या घरांमधल्या मागांवर विणलेले रेशीम १९५० च्या आसपास जिम थॉम्प्सन या अमेरिकी व्यापाऱ्याने जगभर नेले. कालव्याच्या पलीकडे त्याचे सागवानी घर आता संग्रहालय आहे. १९६७ साली तो मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला गेला आणि नाहीसा झाला. पुढे या वस्तीवरून द्रुतगती मार्गाचा फाटा नेण्याचा बेत आला, तेव्हा बान क्रुआच्या लोकांनी वर्षानुवर्षे लढून तो अडवला. संग्रहालय पाहायला हुआ चांगच्या धक्क्यावर उतरावे, पण बान क्रुआच्या बाजूच्या गल्ल्यांतूनही जरूर चालावे.

प्रातुनामला बोट बदलते. पुढे असोक, धक्क्याला लागून असलेली मशीद, थोंग लो, मग रामखामहेंग विद्यापीठ. पांढरे शर्ट आणि काळे स्कर्ट घातलेल्या विद्यार्थिनींचा घोळका तिथे एकदम उतरतो. मधल्या घरांच्या सज्ज्यांत कुंड्या, वाळत घातलेले कपडे, लाकडी खांबावरचे छोटे देवघर. एखाद्या पायरीवर घोरपड उन्हात पसरलेली असते. शेवटचे स्थानक वाट श्रीबून्रुआंग. सारी वाट अठरा किलोमीटरच्या आसपास.

ही सेवा सोपी नाही. मार्च २०१६ मध्ये वायुगळतीमुळे एका बोटीत स्फोट झाला आणि साठहून अधिक प्रवासी जखमी झाले. दोन ओल्या काठांमधले अंतर पायाने जोखायचे, त्यामुळे लहान मुले, गुडघ्यांचे दुखणे किंवा जड बॅगा असल्यास हा प्रवास टाळावा. इतरांनी सुटे पैसे हाताशी ठेवावेत, पहिल्या दिवशी मधल्या बाकावर बसावे आणि उतरायच्या आधीच उठून काठाशी यावे. बोट कोणासाठी ताटकळत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र काठाची जागा घ्या. मी घेतली, आणि शेजारच्या काकांनी न बोलता दोरी माझ्या हातात दिली. पाहुण्याला प्रेक्षक म्हणून बसवून ठेवणारी शहरे पुष्कळ आहेत. सेन सेपच्या बोटीत परक्या माणसालाही पहिल्या धक्क्यापासून काम मिळते, आणि ते नीट केले तर शेजारचे कोरडे राहतात. एका मोठ्या शहरात अनोळखी माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात, हे समजायला मला बँकॉकमध्ये याहून चांगली जागा सापडली नाही.