मागवण्याआधीचे वाचन

कर्जत-खालापूरच्या मुलखाला विजेची ओळख जुनी आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, पुढे भिवपुरीचेही आले. याच भागात मी पाण्याच्या पंपांसाठी नियंत्रक तयार करतो. टाकी भरली की तरंगता स्विच खबर देतो आणि रिले पंप बंद करतो. या कामाची सारी मदार तळहाताएवढ्या पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या पट्टीवर असते.

ऑस्ट्रियात जन्मलेल्या पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ बनवला. तोवर सर्किट तारांनी जोडत. चूक निघाली की तार उपटून दुसरीकडे लावता येई. छापलेली तांब्याची रेघ मात्र छापलेल्या ओळीसारखीच. एक चूक, आणि साऱ्या प्रती तशाच. म्हणून पट्ट्या मागवण्याआधी आराखड्याचे मुद्रितशोधन करावे लागते. मी ते चार प्रश्नांनी करतो.

पहिला प्रश्न जोडणीचा. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला अगदी सारखे, पण पायांचा क्रम उलटा. दुकानात जो मिळणार त्याच्याच माहितीपत्रकाशी प्रत्येक पाय ताडून पाहावा.

दुसरा मापाचा. आराखडा कागदावर मूळ मापात छापावा आणि रिले, कनेक्टर प्रत्यक्ष त्यावर ठेवून पाहावेत. पडद्यावर मोठे करून पाहिलेले चित्र मापाबद्दल फसवते.

तिसरा प्रवाहाचा. तांब्याचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. त्यावरची एक मिलिमीटर रुंद रेघ साधारण दोन अँपिअर विनातक्रार वाहून नेते. पंपाचा प्रवाह त्याहून बराच जास्त, आणि सुरू होताना तर तो कित्येक पट होतो. तिथे रेघ नव्हे, रुंद पट्टाच हवा.

चौथा अंतराचा, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा. रिलेच्या एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला तरंगत्या स्विचची तार. ती तार पाण्यात असते आणि त्याच पाण्यात कोणीतरी हात घालणार असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात पट्टीवर धूळ बसते, ओल धरते आणि तिच्यावरून वीज वाट काढते. म्हणून या दोन बाजूंमध्ये मी सहा मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवतो, शिवाय रिलेखाली पट्टी आरपार कापून खाच ठेवतो.

हे सगळे संगणक तपासत नाही का? तपासतो, पण आपण सांगितलेल्या नियमांपुरतेच. कोणती रेघ घरच्या विजेची आणि कोणती पाण्यात जाणारी, हे आपण सांगितले नाही तर दोन दशांश मिलिमीटर अंतरालाही तो ‘ठीक’ म्हणतो. ‘चुका शून्य’ याचा अर्थ आराखडा नियमांना धरून आहे एवढाच. माणूस सुरक्षित आहे असा नव्हे.

शेवटी कारखान्याला जायच्या गर्बर फायली वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडाव्यात. तांब्याचे थर, भोके, कडा आणि ती खाच एकावर एक ठेवून पाहाव्यात. कारखाना आपल्या मनातला आराखडा बनवत नाही; तो या फायली बनवतो. मग एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावे. आपली नजर जे असायला हवे तेच वाचते. परकी नजर जे आहे ते वाचते.