शनी पाहू या

मंडळी, रात्री उसाला दारे धरायला तुम्ही जाता. पाणी सरीतून पुढे सरकत असते. वर आभाळभर चांदण्या असतात. तिकांडे कुठे आले ते पाहून रात्र किती उरली हे जाणती माणसे सांगतात. या चांदण्यांतच शनीही असतो. तो आपल्या नजरेखालून अनेकदा गेलेला असतो. पण हाच शनी, हे आपल्याला ठाऊक नसते.

शनीचे नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. तेथे शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही. शनिवारी अमावास्या आली की तेथे मोठी गर्दी होते.

अमावास्येला चंद्र नसतो. आभाळ काळेभोर होते आणि चांदण्या स्पष्ट दिसतात. म्हणून आकाशदर्शनाचा कार्यक्रम अमावास्येच्या सुमारास ठेवतात.

आकाशदर्शन म्हणजे काय?

गावातील माणसांनी रात्री मोकळ्या जागी जमायचे. जाणत्याने तारे दाखवायचे, बाकीच्यांनी पाहायचे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था नावाची संस्था आहे. ती १९४४ साली स्थापन झाली. मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा संस्थांतील हौशी माणसे दुर्बीण लावून लोकांना आकाश दाखवतात. ती भविष्य सांगत नाहीत. डोळ्यांना दिसते तेच समजावून सांगतात.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावायला वीस मिनिटे तरी लागतात. तोवर बॅटरी लावायची नाही. मग ध्रुव, कृत्तिकांचा झुबका, तांबूस रोहिणी, मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे आपले तिकांडे, हे सारे ऋतूप्रमाणे ओळखता येते.

तारा आणि ग्रह यांत फरक आहे. तारा स्वतःच्या उजेडाने चमकतो आणि लुकलुकतो. ग्रहावर सूर्याचा उजेड पडतो, म्हणून तो दिसतो. तो सहसा लुकलुकत नाही. शनी असाच शांत, पिवळसर दिसतो.

दुर्बिणीतला शनी

मग दुर्बिणीपुढे रांग लागते. एखादी आजी डोळा लावते आणि म्हणते, "अगं बया! गुरुजी, ह्योच का त्यो शनी?"

"होय आजी, हाच."

"अन् त्याच्या भोवती ही कडी कसली?"

आजी नेमके विचारते. शनीभोवती खरोखरच कडे आहे. १६१० साली इटलीच्या गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला. त्याला दोन बाजूंना कानांसारखे काही दिसले. ते काय, हे त्याला उमगले नाही. पुढे १६५९ साली हॉलंडच्या हायगेन्सने लिहिले, की हे कान नव्हेत, कडे आहे. ते कडे बर्फाच्या आणि दगडांच्या अगणित तुकड्यांचे आहे. ते तुकडे शनीभोवती फिरत असतात. कड्याची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आहे. जाडी मात्र बहुतेक ठिकाणी आपल्या विहिरीच्या खोलीएवढीच!

शनी केवढा? त्याच्या पोटात सातशेहून जास्त पृथ्व्या मावतील. आणि किती लांब? अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे १२० कोटी किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरने एस.टी. न थांबता धावली, तरी पोचायला सव्वादोन हजार वर्षांहून जास्त लागतील.

साडेसातीचा हिशेब

आता साडेसातीचे पाहू. हा आकडा आला कुठून?

शनी सूर्याभोवती एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत करतो. ढोबळ तीस वर्षे धरू. आकाशाच्या वाटेचे बारा भाग मानले आहेत. त्या राशी. तीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी धरतात. तीन वेळा अडीच म्हणजे साडेसात. बस्स, एवढाच हिशेब. शनीची चाल संथ आहे, म्हणून हा काळ लांब आहे.

आणखी एक हिशेब करा. बारांपैकी तीन राशींना एकाच वेळी साडेसाती असते. म्हणजे साधारण चार माणसांत एकाला. दोन हजार वस्तीच्या गावात पाचशे जणांना! त्या पाचशे जणांचीच पिके जळतात का? पाऊस गेला की सगळ्या शिवाराचे पीक जाते. रोग आला की बाकीची दीड हजार माणसेही आजारी पडतात.

देवाला हात जोडणे ही ज्याची त्याची श्रद्धा. त्याबद्दल आपले काही म्हणणे नाही. पण साडेसातीच्या भीतीने कोणी कर्ज काढून महागडी अंगठी घेतो. कोणी मुलीचे जमलेले लग्न मोडतो. कोणी आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे टाळतो. हे नुकसान शनी करीत नाही. आपली भीती करते.

आपल्या गावात काय करावे?

पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या आसपासची रात्र ठरवा. शाळेचे मैदान निवडा. तेवढा वेळ रस्त्यावरचे दिवे बंद ठेवा, असे ग्रामपंचायतीला सांगा. दुर्बीण कुठे मिळेल, ते शाळेत किंवा कॉलेजात विचारा. दुर्बिणीची नळी हाताने धरू नका, ग्रह नजरेतून निसटतो. आणि दिवसा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा कायमचा जाईल.

२०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अंधार पडल्यावर पूर्वेकडे पाहा. न लुकलुकणारा पिवळसर ठिपका दिसला, तर तो शनी. घरच्या म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही बाहेर बोलवा, आणि बोटाने दाखवा.